मच्छरदाणी

डोंगा उलटला तेव्हा माझ्या तोंडात आवळा होता. तो मी गिळला की थुंकला, ते आजही मला सांगता येत नाही. नाकात पाणी गेलं, कानात गेलं, खाली पायांना शिंगाड्याचे वेल लागले, थंड आणि केसाळ. वर आले तेव्हा हाताला लाकूड लागलं. डोंगा पालथा पडला होता. त्याचं काळं बूड म्हशीच्या पाठीसारखं पाण्यावर आलं होतं आणि माझी माय त्याला दोन्ही हातांनी चिकटली होती. तिनं मला दंडाला धरून वर ओढलं. मी त्या बुडावर पोटावर पडले आणि माणसं मोजली. आम्ही पाच जणी निघालो होतो. माय आणि मी, दोन. पलीकडे सगुणा, जिचा डोंगा होता ती, पोहत होती आणि तिच्या मुठीत कमलवहिनीचा अंबाडा होता. म्हणजे चार. पाचवी मोठीमाय, माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको, आमच्या घरातल्या सगळ्या बायांची मालकीण. ती आमच्यापासून आठ-दहा हातांवर पाण्यात उभी होती. उभीच म्हणायचं. तिचं कोरं, खळ दिलेलं नऊवारी लुगडं चहूबाजूंनी फुगून वर आलं होतं आणि त्याच्या मधोमध तिचं डोकं होतं, हनुवटीपर्यंत. ती ओरडत नव्हती. मोठीमाय गप्प राहिलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. त्यावरूनच मला कळलं की ही आता बुडते.

हे असं का झालं ते समजायला आमचं घर समजलं पाहिजे. आम्ही मोहाडीकडचे विणकर. घरात तीन माग होते, जमिनीत खड्डा करून बसवलेले. सकाळी दिवस उगवायच्या आधी पहिला माग वाजायला लागायचा, मग दुसरा, मग तिसरा. तिघांची चाल वेगळी. मोठेबाबांचा, म्हणजे मोठीमायच्या नवऱ्याचा, माग सावकाश आणि जड, माझ्या बापाचा भरभर, आणि चुलतभाऊ लक्ष्मणचा मध्येच थांबणारा, कारण तो मध्येच बिडी ओढायचा. आवाजावरून मी स्वयंपाकघरात बसून सांगायची कोण विणतोय आणि कोण उठलाय. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे मोठीमायनं सोडवली. मग माझं काम रहाटावर कांड्या भरायचं. मागावरच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते ती. दिवसभर कांड्या. आजही माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट सुतानं कापलेलं दिसतं, त्याच्यावर केस उगवत नाहीत की काही नाही, गुळगुळीत आहे.

घराचा एक नियम होता. बाईनं सूत उकलावं, खळ शिजवावी, उभ्या सुताचा ताणा पसरावा, कांड्या भराव्या, पण मागावर बसू नये. बाई बसली तर माग नासतो, असं मोठीमाय म्हणायची. बाकीच्या घरांत बाया विणत होत्या, आमच्या समोरच्याच घरात विणत होत्या, पण मोठीमायचं म्हणणं की म्हणूनच त्यांचं कापड तसलं निघतं. त्या वर्षी श्रावणात माझ्या बापाचं मनगट सुजलं आणि माग महिनाभर रिकामा पडला. ताण्यावर सूत चढवलेलं होतं, ते तसंच पावसाळी ओलीत पडून राहिलं तर खराब होणार. दुपारी जेवून पुरुष बाहेर गेले आणि मोठीमाय झोपली की माझी माय मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायची आणि हळूहळू धोटा फेकायची, मी दारात राखणीला बसायची. सोळा-सतरा दुपारींत एक लुगडं निघालं. निळं, काठ लाल. पातळ होतं, कारण तिनं फणीचा ठोक हलका दिला होता, आवाज होऊ नये म्हणून. पकडली गेली ती शेवटच्या दिवशी. मोठीमायनं ते लुगडं दोन्ही हातांनी उजेडात धरलं आणि त्यातून पलीकडे पाहिलं.

"धाकले, हे लुगडं आहे का मच्छरदाणी वं?" ती म्हणाली. "हे व्यापाऱ्याले दाखवू नको. आमच्या घराचं नाव जाईल."

म्हणून ते विकलं गेलं नाही. मायच नेसायला लागली. आणि घरात त्या लुगड्याचं नाव मच्छरदाणी पडलं. लक्ष्मणदादासुद्धा म्हणायचा. माय हसायची नाही आणि रडायचीही नाही. ती रोज ते धुवायची आणि रोज वाळत घालताना ताणून पाहायची, कुठे विरलंय का. कुठेही विरलं नव्हतं.

कार्तिकात आत्याकडून निरोप आला की आवळीभोजनाला या. आत्याचं सासर साकोलीच्या पुढे, एका मोठ्या तळ्याच्या काठाला. तळं म्हणजे पलीकडचा काठ निळा दिसतो एवढं. त्या वर्षी लक्ष्मणदादाचं लग्न होऊन कमलवहिनी घरात आली होती, म्हणून मोठीमायनं सगळ्यांना न्यायचं ठरवलं. तीन दिवस माग बंद. माझ्या आठवणीत घरात एवढी शांतता पहिल्यांदा. भंडाऱ्याला एसटी बदलली, साकोलीला उतरलो, आणि तिथून आत्याच्या दिराची बैलबंडी. एकोडीकडची मंडळी धान कापायला लागली होती, बांध्यांतून वास येत होता. मी बंडीत पुढे बसून होते. मला एकच पाहिजे होतं, डोंग्यात बसायचं. आत्या दरवेळी सांगायची, आमच्याकडे बाया डोंगा चालवतात, तळ्यातून शिंगाडे काढतात. मला ते खरं वाटत नव्हतं. मागावर बाई बसली तर माग नासतो, मग डोंगा कसा नासत नाही.

पण खरं होतं. घाटावर पाच-सहा डोंगे बांधले होते आणि त्यातल्या एकावर सगुणा उभी होती. ढिवराची, म्हणजे तिकडच्या कोळ्याची सून, मायच्याच वयाची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात लांब बांबू. डोंगा शिंगाड्यांनी अर्धा भरलेला. तिनं मला उकडलेले शिंगाडे दिले, काळे, काट्याचे, दातानं फोडायचे. आतलं पीठ गरम होतं. मी तिला विचारलं, डोंगा नासत नाही का. ती म्हणाली, "नासन कायले? त्याले का माहीत वर बाई आहे का बाप्या?"

काठावर आवळ्याच्या झाडाखाली चूल मांडली होती. लाखोळीच्या डाळीचे वडे, भात, वांग्याची भाजी, आणि आत्यानं केलेली आवळ्याची चटणी. पुरुष चुलीपाशी बसून हुकूम देत होते. जेवणाआधी मोठीमायनं जाहीर केलं की नव्या सुनेच्या हातून तळ्याची ओटी भरायची आहे. नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू, सगळं घरून बांधून आणलं होतं. आत्या म्हणाली, काठावरून भर. मोठीमाय म्हणाली, "काठावर बाया धुणं धुऊन राहिल्या. धुण्याच्या पाण्याची ओटी भरू का? मधात जाऊन भरू." म्हणून सगुणाचा डोंगा ठरला. आत्याला पाण्यात चक्कर येते, ती राहिली. आम्ही चौघी आणि सगुणा. मोठीमाय त्या दिवशी मोठेबाबांनी विणलेलं नवं लुगडं नेसली होती, एकदाही न धुतलेलं, खळीनं पत्र्यासारखं कडक. चालली की आवाज यायचा. डोंग्यात पाय टाकताना तिनं मायकडे पाहिलं आणि म्हणाली, "मच्छरदाणी नेसूनच आली का वं? चांगलं केलं. तळ्यावर मच्छर राहतेत."

सगुणानं शिंगाडे उतरवून ठेवले आणि आम्हाला एकीमागे एक बसवलं. ती एवढंच म्हणाली, "बाई, एक सांगून ठेवतो. काही झालं तरी उठायचं नाही. बसल्या जागेवरून फेका नारळ."

आता तुम्हाला वाटेल, एवढं सांगितल्यावर कोण उठेल. मोठीमाय उठली. डोंगा मधात आला, सगुणानं बांबू थांबवला, आणि मोठीमाय ओटीचं ताट घेऊन सरळ उभी राहिली. देवाची ओटी बसून भरतात का, असं काहीतरी म्हणाली. ती एकटी उठली असती तर कदाचित निभावलं असतं. सगुणानं तोल सावरलाही होता. पण आमच्या घरात सासू उभी असताना सून बसत नाही. कमलवहिनी सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली पोर, तिला घरात हेच शिकवलं होतं. ती उभी राहिली. आणि थोरली जाऊ उभी म्हणून माझी मायही उठायला लागली, अर्धी उठली. सगुणा ओरडली, "बसा वं, बसा." त्यावर तिघी एकदम बसल्या, तिघीही एकाच बाजूला. मी तेवढ्यात पदरातला एक आवळा तोंडात टाकला होता. पुढचं वर सांगितलंच आहे.

त्यानंतर आजपर्यंत मी कोणी वडीलधारी उभी आहे म्हणून उठलेली नाही. सुनांनाही उठू दिलं नाही. लोक म्हणतात म्हातारीला रीत नाही. नाही तर नाही.

तर मोठीमाय पाण्यात उभी होती. खळ दिलेलं नवं कापड हवा धरतं, तेवढीच तिला तोलून होती. पण खळ म्हणजे भाताची पेजच, पाण्यात सुटते. लुगडं एका बाजूनं खाली बसायला लागलं. वारा आमच्या डोंग्याला तिच्यापासून दूर नेत होता. सगुणाला दिसत होतं, पण तिच्या हातात वहिनी, आणि वहिनीच्या पायांना वेल गुंडाळले होते. ती वहिनीला सोडून आली असती तर वहिनी गेली असती. ती तिकडूनच ओरडली, "पाय हालवू नका वो मोठ्या बाई. वेल ओढून घेते. हात पसरा नुसते."

मोठीमायनं हात पसरले. पाणी तिच्या ओठांना लागलं.

माझ्या मायनं मग जे केलं ते मी तिच्याकडून कधीच अपेक्षिलं नसतं. ती अशी बाई की मोठीमायसमोर तिच्या डोक्यावरचा पदर कधी घसरला नव्हता. तिनं पाण्यात राहून कमरेची गाठ सोडली आणि अख्खं नऊवारी फेडून काढलं. एक टोक स्वतःच्या मनगटाला तीन वेढे दिले आणि दुसरं माझ्याकडे टाकलं. "फेक," म्हणाली. मी फेकलं. ओलं कापड ते, दोन हातांवर जाऊन चिंधीसारखं पडलं. परत ओढलं, परत फेकलं, परत तेच. टोकाला वजन पाहिजे होतं. आजूबाजूला पाहिलं तर ओटीचा नारळ डोंग्याच्या कडेला तरंगत होता. मी तो ओढला, पदराच्या टोकात बांधला, आमची सुताची गाठ मारली, जी तुटलेल्या धाग्याला मारतात आणि ओढली की आणखी घट्ट होते. कांड्या भरताना दिवसाला शंभरदा मारलेली. डोळे मिटून येते. मग डोंग्याच्या बुडावर गुडघ्यांवर बसले आणि फेकला.

नारळ मोठीमायच्या खांद्यावर बसला.

"मारतेस का वं मले, शेवंते?" ती म्हणाली. तोंडात पाणी होतं तरी म्हणाली. मला तेवढा आनंद त्याआधी कधी झाला नव्हता. बोलली म्हणजे जिवंत.

"धरा जाऊबाई," माय म्हणाली.

मोठीमायनं कापड धरलं, पण ओढून घेईना. काय कापड आहे ते तिनं ओळखलं होतं. बुडणारी बाई, तरी म्हणते कशी, "फाटन ना वं हे."

"नाही फाटत," माय म्हणाली. "मी विणलं आहे. ओलं सूत तुटत नाही, तुमाले माहीत नाही का? दोन्ही हातांनी धरा आन गप राहा."

घरात कोणी मोठीमायला गप राहा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मोठेबाबांनीही नाही. मोठीमाय गप राहिली. तिनं लुगडं दोन्ही हातांना गुंडाळलं आणि माय ओढायला लागली, मी ओढायला लागले. मोठीमाय भारी बाई, तिचं लुगडं पाणी पिऊन आणखी भारी, आणि खालून वेल तिला धरून होते. कापड ताणलं गेलं, दोरीसारखं पिळलं गेलं. मला त्याचा बारीक कर्र असा आवाज ऐकू येत होता. वेल तुटले. एकदा नाही, तीनदा झटका बसला, एकेक वेल तुटताना. लुगडं तुटलं नाही. मोठीमाय डोंग्याला येऊन लागली, मी तिच्या बगलेत हात घातले, आणि तिनं डोकं त्या काळ्या बुडावर टेकलं. तिच्या नाकातून पाणी आलं, मग शिव्या आल्या, तळ्याला, डोंग्याला, आणि मला.

सगुणानं तोवर वहिनीच्या पायांतले वेल दातांनी आणि नखांनी तोडले होते. तिला आणून डोंग्याला लटकवलं. वहिनी खोकत होती आणि तिच्या कपाळावरचं कुंकू कुठच्या कुठे गेलं होतं. काठावरचे पुरुष हात हलवताना दिसत होते. घाटावरचे दुसरे डोंगे एव्हाना शिंगाडे काढायला पार पलीकडे गेलेले. सगुणानं वाट पाहिली नाही. तिनं लुगड्याचं एक टोक डोंग्याच्या नाकाला बांधलं, दुसरं स्वतःच्या छातीभोवती, आणि पोहायला लागली. पालथा डोंगा, त्याला चिकटलेल्या चार बाया, आणि पुढे एक बाई. आम्ही पाय मारत होतो. अर्ध्या वाटेवर तीही दमली, तर शिंगाड्याच्या वाटण्या दाखवायला पाण्यात जे बांबू रोवतात त्यातल्या एकाला धरून आम्ही थांबलो. माय मला म्हणाली, "थंडी वाजून राहिली का?" मी नाही म्हटलं. खोटं होतं.

कमरेएवढं पाणी लागलं तेव्हा सगुणानं लुगडं सोडलं आणि मायकडे दिलं. काठावर आता निम्मं गाव जमलं होतं, माझा बाप गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरला होता. माय अंगात नुसती चोळी घालून पाण्यात बसली होती, गळ्यापर्यंत. मोठीमायनं एकदा काठाकडे पाहिलं, एकदा मायकडे. मग तिनं स्वतःच्या लुगड्याचा पदर सोडला, दोन्ही हातांनी आडवा धरला, आणि काठाकडे पाठ करून मायपुढे उभी राहिली. "मागं व्हा तुमी सारे," ती पुरुषांवर ओरडली. "काय तमाशा आहे का?" त्या आडोशाला मायनं आपलं निळं लुगडं पिळलं आणि नेसली. मी पाहत होते. मोठीमायनं पदर शेवटपर्यंत खाली येऊ दिला नाही.

मग आम्ही जेवलो. लोकांना वाटतं अशा दिवशी माणूस जेवत नाही. आम्ही असे जेवलो की आत्याला दुसऱ्यांदा वडे तळावे लागले. सगुणाला मोठीमायनं आपल्या शेजारी बसवलं. ओटीचा तो नारळ अजून पदराच्या टोकात होता. मी मारलेली गाठ सुटेना, शेवटी मायनं दातांनी सोडवली. मोठीमाय म्हणाली, हा परत तळ्यात टाकायचा का. सगुणा तोंडातला घास न थांबवता म्हणाली, "पाच बाया परत दिल्या ना तळ्यानं. आता नारळ कायले मागन ते?" तो आम्ही फोडून खाल्ला. पाणी गोड होतं.

मोठीमायनं मायचे आभार मानले नाहीत. ती तशी नव्हती आणि मीही नाही. तिनं जेवताना हात लांबवून मायच्या लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला, ओला होता अजून, आणि ताणून पाहिला. दोनदा ताणला. मग मोठेबाबांना म्हणाली, "घरी गेल्यावर चौथा माग बसवा. धाकलीले लागते." मोठेबाबा म्हणाले, नासतो म्हणत होतीस ना. ती म्हणाली, "मले काय माहीत, मी कधी बसली होती का?"

चौथा माग मार्गशीर्षात बसला. मायच्या मागाचा आवाज मग मला घरातल्या सगळ्या आवाजांतून वेगळा ऐकू यायचा, ठोक आता हलका नव्हता. दोन वर्षांनी मीही बसले आणि पुढे चाळीस वर्षं बसले. पण मी आत्याकडे दर कार्तिकात जायचं सोडलं नाही. सगुणानं मला पहिल्या वर्षी पोहायला शिकवलं, दुसऱ्या वर्षी बांबू हातात दिला. तिसऱ्या वर्षी मी एकटीनं डोंगा पलीकडच्या काठाला नेला आणि परत आणला, आणि घाटावर उभी राहून मोठीमायनं पाहिलं. ती म्हणाली, "नारळ तरी न्यायचा होता." तिला एवढं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मागच्या हिवाळ्यात नातसुनेनं मला त्याच तळ्यावर नेलं. आता तिथे तिकिटाची खिडकी आहे, मोटारबोट आहे, बदकाच्या आकाराच्या पायानं चालवायच्या नावा आहेत. भेळेच्या गाड्या लागतात, जवाहरनगरची पोरं मोटारसायकलींवर येऊन फोटो काढतात. शिंगाडे अजून आहेत, कडेला. बोटवाल्यानं मला नारिंगी जाकीट घातलं, त्याचे पट्टे करकचून ओढले आणि म्हणाला, "आजी, मधात उभं नाही राहायचं." मी म्हटलं, बाबा, हे तू मला सांगून राहिला? नातसून हसली, तिला ही गोष्ट माहीत आहे. मी पुढे बसले, अगदी नाकावर, वारा तोंडावर घेत. बोट तळ्याच्या मधात आली तेव्हा बोटवाला पोरगा म्हणाला, इथे खोल आहे. मी म्हटलं, माहीत आहे.

ते निळं लुगडं मायनं अकरा वर्षं नेसलं. पुढे त्याच्या गोधड्या झाल्या, मग पोतेरं झालं, मग संपलं. त्या दिवशी त्या पाण्यात आम्ही पाच बाया पडलो होतो. मोठीमाय, माझी माय, कमलवहिनी, सगुणा आणि मी. पाचही जणी वाचलो.